यील्ड बघण्याआधी यंत्राचं वय बघा

व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये मी सव्वीस वर्षं काढली. संचालक मंडळासमोर जाणारा लाभांशाचा कागद दर वर्षी आधी माझ्या टेबलावर यायचा. त्यामुळे लहान औद्योगिक कंपनीचा शेअर घेताना कुणी नुसतं ‘यील्ड किती?’, म्हणजे भावाच्या मानाने वर्षाचा लाभांश किती टक्के, असं विचारलं की मला राहवत नाही. अर्थात एकदा मीही तेवढंच विचारलं होतं आणि चांगली फसले होते. ते पुढे येईलच.

आधी दहा वर्षांचे वार्षिक अहवाल काढा. पाच पुरत नाहीत. पंप, गिअर, कास्टिंग असल्या धंद्यांना तेजी-मंदीचा फेरा असतो आणि पाच वर्षांत तो बरेचदा अर्धाच दिसतो. कागदावर चार रकाने आखा: निव्वळ नफा, धंद्यातून आलेली रोकड, यंत्रं-इमारतींवरचा खर्च आणि दिलेला लाभांश. शेवटचे तिन्ही आकडे रोकड प्रवाहाच्या पत्रकात सापडतात.

लाभांशाला नफ्याने भागलं की पेआउट रेशो मिळतो, तो सगळेच काढतात. पण लाभांश नफ्यातून जात नाही, बँकेतल्या पैशातून जातो. समजा नफा 100, लाभांश 40. पेआउट 40 टक्के, बिनघोर वाटतं. आता खाली उतरा. घसारा म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी हिशेबात वजा केलेला खर्च, त्यात रोकड जात नाही. म्हणून नफ्यात 20 घसारा परत मिळवा, 120 झाले. त्यातले 50 ग्राहकांच्या वाढलेल्या उधारीत आणि गोदामात साचलेल्या मालात अडकले. राहिले 70. नव्या यंत्राला 45 गेले, हातात 25. मग 40 कुठून दिले? वरचे 15 जुन्या शिलकीतून, नाहीतर कर्ज काढून. एखाद्या वर्षी हे खपून जातं, म्हणून दहाही वर्षांची बेरीज करा. बेरजेतही खड्डा दिसला, तर तुमच्या खात्यात येणारा लाभांश खरं तर बँक देते आहे. कर्जाची टीपही वाचा. लाभांश देण्याआधी सावकाराची परवानगी लागेल, अशी अट तिथे असू शकते.

घसाऱ्याशी मात्र जरा जास्त वेळ बसा. तो बहुधा यंत्राच्या जुन्या खरेदी किमतीवर निघतो आणि नवं यंत्र आजच्या भावात घ्यावं लागतं. यंत्रांवरचा खर्च वर्षानुवर्षं घसाऱ्यापेक्षा कमी आणि लाभांश मात्र ऐटीत, असं दिसलं तर कंपनी स्वतःची यंत्रं विकल्यासारखी खाते आहे. आमच्याकडे हेच झालं. बोरिंग मशीन बदलायचा प्रस्ताव चार वर्षं पुढे ढकलला, लाभांश तेवढाच ठेवला, भागधारक खूश. पाचव्या वर्षी त्याचा स्पिंडल गेला. ऑर्डरी रखडल्या, नवं मशीन घाईत आणि चढ्या व्याजाने घ्यावं लागलं. त्या वर्षीच्या कागदावर लाभांशापुढे मी शून्य लिहिलं.

मग कंपनीची सवय ओळखा. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिंटनर यांनी अमेरिकेतल्या 28 कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून 1956 मध्ये दाखवलं की नफा उडी मारतो तशी लाभांश मारत नाही. पुढे कापावा लागेल या धास्तीने तो हळूहळू वाढवला जातो. लहान कारखान्याला हे सोंग जड जातं. दोन मोठे ग्राहक गेले तरी निम्मा नफा जातो. म्हणून ‘नफ्याच्या अमुक टक्के’ असं धोरण जाहीर करणारी लहान कंपनी मला जास्त सरळ वाटते. लाभांश वर-खाली होईल, पण नफा घसरल्यावरही तो ओढूनताणून टिकवलेला नसेल.

आता माझी फजिती. 9 टक्के यील्ड बघून मी एक शेअर घेतला. त्यातला मोठा वाटा जमीन विकून एकदाच दिलेल्या विशेष लाभांशाचा होता. पुढच्या वर्षी हातात आला त्याचा तिसरा हिस्सा. तेव्हापासून मूळ घोषणेत ‘विशेष’ हा शब्द आधी शोधते. भाव पडूनही यील्ड फुगतं: 100 च्या शेअरवर 4 मिळत होते, भाव 50 झाला की तेच 8 टक्के दिसतात. आणि ‘200 टक्के लाभांश’ वाचून हुरळू नका. ते टक्के दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर असतील, तर दर्शनी किंमत 1 आणि बाजारभाव 400 असताना हाती येतात फक्त 2.

एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही तो दिवस. त्याच्या आदल्या दिवशी धावत जाऊन शेअर घेण्यात काही मिळत नाही. साधारण लाभांशाएवढा भाव दुसऱ्या दिवशी खाली उघडतो. शिवाय लहान शेअरमध्ये घेणारा-विकणारा यांच्या भावातलं अंतरच कधीकधी लाभांशाहून मोठं असतं.

वार्षिक सभेत बोलायची संधी मिळाली तर एवढंच विचारा: ‘नफा निम्मा झाला तर लाभांशाचं काय कराल?’ परंपरा, भागधारकांचा विश्वास अशी उत्तरं आली तर लिहून घ्या आणि घरी जाऊन चौथा रकाना पुन्हा तपासा. आमच्या अध्यक्षांना एका म्हाताऱ्या भागधारकाने हे विचारलं होतं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.