‘पावतीचं बटण कुठे गेलं?’ : जुन्या युजरला नवा स्क्रीन देताना

यूएक्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला सोपं करणाऱ्या डिझाइनच्या कामात, माझं पहिलं मोठं काम म्हणजे पतसंस्थांच्या काउंटरवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या नव्या इंटरफेसचं ऑनबोर्डिंग, म्हणजे वापरणाऱ्याला नवा स्क्रीन ओळखीचा करून देणं. इंटरफेस वरिष्ठांनी आधीच केला होता, माझ्या वाट्याला टूर आली. मी मन लावून नऊ कार्डं केली. स्क्रीन अंधुक होणार, एकेक बटण उजळणार, शेजारी दोन ओळी आणि ‘पुढे’. ऑफिसातल्या डेमोला टाळ्या पडल्या.

रिलीजनंतर तालुक्याच्या एका गावातल्या शाखेत जाऊन बसले. सकाळचे साडेदहा. काउंटरपुढे पाच-सहा जण, त्यात दोन पिग्मी एजंट आदल्या दिवसाचा भरणा घेऊन आलेले. कॅशियरताईंनी लॉगिन केलं आणि माझं पहिलं कार्ड आलं. त्यांनी ते वाचलंच नाही. एंटर, एंटर, एंटर, नोटा मोजाव्यात त्या लयीत नऊ वेळा. मग स्क्रीनकडे बघून मला विचारलं, “मॅडम, पावतीचं बटण कुठे गेलं?”

ते तिसऱ्या कार्डावर होतं.

आमच्या डॅशबोर्डवर मात्र त्या दिवशी ताईंची नोंद ‘टूर पूर्ण केली’ अशी झाली. तेव्हापासून कुणी टूर पूर्ण झाल्याची टक्केवारी दाखवली की मी पहिल्यांदा विचारते, किती सेकंदांत? (आणि आम्ही हे सगळं मार्च महिन्यात रिलीज केलं होतं. पतसंस्थेत मार्चएंडच्या तोंडावर बदल करायचा नसतो, हे सपोर्टच्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नाही.)

परतताना लक्ष गेलं ते मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठीकडे. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: जमा – एफ ४. नावे – एफ ५. पासबुक – ऑल्ट पी. चुकलं तर एस्केप. अक्षर ताईंचं नव्हतं, त्यांच्या आधीच्या कॅशियरचं होतं. त्या सॉफ्टवेअरचं खरं ऑनबोर्डिंग ते होतं, खुर्चीबरोबर हाती आलेलं. आणि आमच्या रीडिझाइनने त्या चिठ्ठीतल्या दोन ओळी खोट्या पाडल्या होत्या.

या क्षेत्रात नवे असाल तर इथे जरा थांबा. ऑनबोर्डिंगवरचे बहुतेक धडे नवख्या युजरसाठी असतात: स्वागत, ओळख, पहिलं यश. रीडिझाइनमध्ये समोरचा माणूस नवखा नसतो. काम तो तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो, फक्त त्याची बोटं जुन्या जागी पडतात. ‘हे काय आहे’ हे त्याला ठाऊक असतं, ‘माझं ते कुठे ठेवलंत’ एवढंच विचारायचं असतं.

मोठ्यांचीही इथे फजिती झाली आहे. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्ट बटण गेलं. माउस कोपऱ्यात नेऊन बघा, असं सांगणारं अॅनिमेशन पहिल्या लॉगिनला दिसायचं. ते विसरलं की संपलं. २०१३ मध्ये ८.१ आलं आणि बटण परतलं. उलट मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ ने मेन्यू काढून रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आणली, पण ऑल्ट दाबून २००३ च्या मेन्यूची अक्षरं टाइप केली तर बरीचशी जुनी कामं होत राहिली. ज्याने मला सर्वांत जास्त शिकवलं ते थ्रीडी कामाचं सॉफ्टवेअर ब्लेंडर २.८०, जुलै २०१९ चं. पहिल्यांदा उघडताच ते विचारतं: सिलेक्ट डाव्या क्लिकने की उजव्या? शॉर्टकट नवे की २.७ चे? टूर वगैरे काही नाही, तुमच्या बोटांची सवय विचारून घेतात आणि कामाला लावतात.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर जवळच्या कुठल्याही अकाउंटंटशेजारी बसा. २०२० मध्ये हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं नवं रूप, टॅलीप्राइम, आलं तेव्हा विक्रीची एफ ८ आणि खरेदीची एफ ९ जागच्या जागी राहिली, पण क्रेडिट नोट कंट्रोल एफ ८ वरून ऑल्ट एफ ६ वर गेली. सापडत नसेल ते ऑल्ट जी दाबून नावाने शोधायची सोय मात्र दिली. काय हललं, काय राहिलं, हरवलं तर कुठे विचारायचं, हे तीन रकाने तुमच्या प्रत्येक रीडिझाइनसाठी काढा. तो तक्ता पोर्टफोलिओतही चकचकीत स्क्रीनपेक्षा जास्त बोलतो.

आम्ही नंतर टूर काढून टाकली. जुन्या की चालू ठेवल्या. ती दाबली की काम व्हायचं आणि खाली एक ओळ यायची: ‘ही की आता इथे आहे.’ काही वेळा दिसली की ती ओळ आपोआप बंद. लांबलचक सूचना डे-एंड झाल्यावरच, काउंटरवर गर्दी असताना कधीच नाही. जुना स्क्रीन परत आणायचं बटण ठेवलं आणि ते कधी बंद होणार ती तारीख त्याच्यावरच लिहिली. नव्याने रुजू झालेल्या क्लार्कसाठी वेगळी सराव शाखा, तिथे खोटे पैसे. त्यावर फार वेळ गेला नाही.

वेळ गेला मजकुरावर. मी ‘व्यवहार प्रविष्ट करा’ लिहिलं होतं. शाखेत सगळे ‘एंट्री मारा’ म्हणतात. ‘मारा’ छापायला साहेब तयार होईनात, शेवटी ‘एंट्री करा’ वर तडजोड झाली. मजकूर लिहून झाला की काउंटरवरच्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तर शब्द बदला, त्याला अर्थ समजावत बसू नका.

आणि चिठ्ठी. नव्या कींची छापील चिठ्ठी प्रत्येक शाखेला पाठवली, मॉनिटरच्या कडेला मावेल अशा मापाची.

दोन महिन्यांनी पुन्हा त्याच शाखेत गेले. ताईंनी आमची चिठ्ठी कात्रीने अर्धी केली होती, त्यांना लागणाऱ्या चारच ओळी ठेवून. खाली निळ्या बॉलपेनने एक ओळ वाढवलेली होती, जी आम्ही छापायला विसरलो होतो: चुकलं तर एस्केप.