इंग्लंडमधलं कंट्री हाऊस बघायचं तर आधी आत जाऊ नका

इंग्लंडला गेलं की एखादं तरी कंट्री हाऊस, म्हणजे बड्या जमीनदार घराण्याचा खेड्याकडचा भलामोठा वाडा, बघणं होतंच, आणि बहुतेक जण काय करतात तर तिकीट काढतात, मोठ्या दरवाज्यातून आत शिरतात, दोरी लावलेल्या वाटेने छतं आणि पोर्ट्रेट्स बघत तासाभरात बाहेर पडतात, आणि चार दिवसांनी चॅट्सवर्थ कुठलं आणि ब्लेनम कुठलं याची डोक्यात सरमिसळ झालेली असते. तर माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की आधी बाहेरून घराला पूर्ण प्रदक्षिणा घाला, जिथपर्यंत जाऊ देतील तिथपर्यंत, मागची बाजू आणि तबेल्याची बाजू तर सोडूच नका. ही घरं एका दमात बांधलेली क्वचित असतात, ज्या पिढीच्या हातात पैसा आला तिने काहीतरी पाडलंय, काहीतरी जोडलंय, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जुन्यावर नवीन दर्शनी भिंत चढवलीय. ही चढवाचढवी समोरून कळत नाही, कोपऱ्यावरून लगेच कळते.

उदाहरणार्थ चेशायरमधलं लाईम घ्या. एका बाजूने पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं, म्हणजे 16 व्या शतकातलं घर, आणि वळसा घालून दक्षिणेकडे गेलात की 1720 च्या दशकात लिओनी नावाच्या इटालियन आर्किटेक्टने उभा केलेला खांबांचा भव्य दर्शनी भाग, जणू दोन वेगळी घरं. यॉर्कशायरच्या कॅसल हॉवर्डला तर फिरावंही लागत नाही. व्हॅनब्रू हा मूळचा नाटककार, आधी एकही इमारत बांधलेली नाही, आणि 1699 मध्ये त्याला हे काम मिळालं. त्याची पूर्वेकडची विंग झाली पण पश्चिमेकडची राहून गेली, ती 1750 च्या दशकात घरच्याच जावयाने स्वतःच्या आवडीने, तोवर फॅशनमध्ये आलेल्या पॅलेडियन, म्हणजे प्राचीन रोमन धर्तीच्या साध्या-नेटक्या स्टाइलमध्ये बांधली. समोर उभं राहून दोन्ही विंग्ज नुसत्या एकमेकींशी जुळवून बघा, घुमटाच्या दोन्हीकडचं घर सारखं नाही हे एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

काळ ओळखायचा असेल तर खिडक्यांपासून सुरुवात करा, दुसरं काही आलं नाही तरी चालेल. दगडी उभ्या-आडव्या दांड्या आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या काचा म्हणजे साधारण ट्यूडर, एलिझाबेथन (16 वं शतक) किंवा त्यानंतरची काही दशकं. वर-खाली सरकणारी सॅश खिडकी आली 17 व्या शतकाच्या शेवटाकडे, त्यातही काचांमधल्या लाकडी पट्ट्या जाड असतील तर आधीची, बारीक असतील तर नंतरची. एकेका मोठ्या सलग काचेच्या खिडक्या बहुतेक व्हिक्टोरियन, म्हणजे 19 व्या शतकातल्या, कारण काचेवरचा कर 1845 मध्ये उठला आणि मोठी काच परवडायला लागली. हाताने बनवलेली जुनी काच ओळखायची तर तिरकं उभं राहून त्यात पडलेलं झाडाचं प्रतिबिंब बघा, लाटांसारखं वाकडं दिसतं, नवीन काचेत सरळ दिसतं. आणि बुजवलेली खिडकी दिसली की लगेच विंडो टॅक्स (खिडक्यांच्या संख्येवरचा कर, तो चुकवायला लोक खिडक्या बुजवायचे) म्हणू नका, तो कर 1696 ते 1851 होता हे खरं, पण कितीतरी खिडक्या पहिल्यापासूनच खोट्या आहेत, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून केलेल्या.

अजून एक सोपी युक्ती म्हणजे सगळ्यात उंच खिडक्या कुठल्या मजल्यावर आहेत ते बघायचं, मानाच्या खोल्या तिथे. 18 व्या शतकातल्या घरांत हा बहुतेक वेळा तळघरासारख्या खालच्या मजल्याच्या लगेच वरचा मजला असतो. पण डर्बीशायरचं हार्डविक हॉल बघा, 1590 च्या दशकात बेस ऑफ हार्डविक या जबरदस्त बाईने बांधलेलं, तिथे खिडक्या वर जाताना मोठ्या होत जातात, कारण तिचा दरबार सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, पाहुण्यांनी अख्खा जिना चढून यायचं. काच तेव्हा प्रचंड महाग आणि या घरात भिंतीपेक्षा काच जास्त वाटते, शिवाय मनोऱ्यांच्या टोकांवर तिची ई आणि एस (एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस) ही अक्षरं दगडात कोरून आभाळात उभी केलीयत. मालक कोण हे मैलभर लांबून कळायला हवं ना.

दुर्बीण असेल तर जरूर न्या, छोटी चालते. छताचं पाणी खाली आणणारे शिशाचे पाईप असतात ना, त्यांच्या वरच्या टोकाला एक पेटी असते, तिच्यावर बऱ्याचदा साल आणि घराण्याची आद्याक्षरं उठवलेली असतात. हे साल घराचंच असेल असं नाही, नंतरच्या दुरुस्तीचंही असू शकतं, पण कोणीतरी त्या वर्षी इथे पैसा ओतला एवढं नक्की.

आता आत जा. सोनेरी खोल्या तुम्ही बघालच, त्याबद्दल माहितीपत्रकात भरपूर असतं. मी म्हणेन नोकरांची वाट शोधा. वॉलपेपर किंवा लाकडी पॅनेल सलग दिसतं पण मध्येच एक उभी बारीक फट आणि कमरेच्या उंचीवर छोटंसं कुलपाचं भोक, तो लपवलेला दरवाजा, त्याच्यामागे मागचा जिना. ससेक्सच्या पेटवर्थमध्ये स्वयंपाकघर वेगळ्याच इमारतीत आहे आणि जेवण भुयारातून मुख्य घरात यायचं, आगीची भीती, वासाचा त्रास आणि नोकर नजरेआड, एकात तिन्ही कामं. प्रत्येक खोलीत बसलेले व्हॉलंटियर असतात त्यांना विचारा, विचारलं की ते खुलतात.

आणि पैसा कुठून आला हे विचारायला लाजू नका. यॉर्कशायरच्या हेअरवुड हाऊसला आर्किटेक्ट रॉबर्ट ॲडमची छतं, नामांकित फर्निचरवाल्या चिपेंडेलचं फर्निचर, बागा आखणाऱ्या केपेबिलिटी ब्राउनची बाग, सगळं एक नंबर, पण मालक लॅसेल्स घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या साखरेचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. बर्कशायरचं बेसिल्डन पार्क ज्या फ्रान्सिस साइक्सने बांधलं तो बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीत श्रीमंत झालेला. अशी जुनी घरं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 2020 मध्ये स्वतःच अहवाल काढला त्यात वसाहती आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या 93 जागा आहेत. आपल्यासारख्यांनी तर हा भाग वाचूनच जावं, नाहीतर अर्धंच घर बघितलं.

बागेसाठी मात्र वेळ राखून ठेवा. दिवाणखान्याच्या मधल्या खिडकीला पाठ करून उभे राहा, कारण बाग मुळात तिथून बघण्यासाठीच आखलेली असते. हिरवळ थेट मेंढ्यांपर्यंत पोचलेली दिसते, मध्ये कुंपण नाही, पण चालत गेलात की पायाशी एकदम चर येतो, त्याची घराकडची बाजू भिंत आणि पलीकडची उताराची, याला हा-हा म्हणतात, गुरं अडतात आणि नजर अडत नाही. लांबवर नागमोडी तलाव, इथेतिथे झाडांचे पुंजके, कडेने झाडांचा पट्टा, हे दिसलं की 18 व्या शतकातल्या केपेबिलिटी ब्राउनची नाहीतर त्याच्या वळणाची बाग समजा. हे निसर्ग वाटतं पण सगळं खणून केलेलं आहे, तलावाचा बांध कुठे आहे तो शोधाच. ब्लेनमला तर ब्राउनने पाणी इतकं चढवलं की व्हॅनब्रूच्या पुलातल्या खालच्या खोल्या बुडाल्या.

जुनी बाग पुसून नवीन केलेली असते पण ती जात नाही. 2018 च्या उन्हाळ्यात चॅट्सवर्थची हिरवळ करपली आणि 1699 च्या बागेची नक्षीच्या नक्षी गवतात उमटली. म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात गेलात तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून हिरवळ नक्की बघा. आणि मोकळ्या पार्कमध्ये एकटंच चर्च दिसलं तर गाव कुठे गेलं ते विचारा, डर्बीशायरच्या केडलस्टनला चर्च घराला चिकटून आहे आणि गाव हलवलेलं, मालकाच्या खिडकीतून दिसू नये म्हणून.

शेवटचं, जी घरं उरलीच नाहीत त्यांचं. 1870 नंतर बाहेरून स्वस्त धान्य आलं आणि शेतीचं उत्पन्न घसरलं, 1894 मध्ये वारसा कर आला, मग महायुद्धात वारसच गेले, आणि 20 व्या शतकात शेकडो घरं पाडली गेली. 1937 च्या कायद्यानंतर काही घरं नॅशनल ट्रस्टकडे गेली म्हणून वाचली. पाडलेलं घर शोधायचं असेल तर स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे फुकट आहेत, इंग्लंडचेही, आजच्या सॅटेलाइट फोटोशेजारी ठेवून बघता येतात. घर नसतं, पण गेटजवळचं लॉज (राखणदाराचं छोटं घर), भाजीपाल्याच्या बागेची उंच भिंत आणि झाडांची सरळ रांग बहुतेक वेळा सापडते, आणि त्या रांगेच्या टोकाला जिथे आता नुसतं शेत आहे तिथे घर होतं.