“ह्याने कॅन्सर होतो” असं वाचलं की आधी काय बघायचं आणि घरात कुठून सुरुवात करायची

आमच्या ओळखीतल्या एकांनी मागे एका दिवसात घरातले झाडून सगळे प्लॅस्टिकचे डबे फेकून दिले, कुठेतरी काहीतरी वाचलं होतं म्हणून, आणि एवढं करून दमले म्हणून बाल्कनीत जाऊन सिगरेट पेटवली. हसायला येतं पण थोड्याफार फरकाने आपण सगळेच हे करतो, जे फेकायला सोपं ते आधी फेकतो.

तर पहिलं काम, बातमी वाचायची कशी. फ्रान्समधल्या लिआँ शहरात आयएआरसी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची संस्था आहे, ती पदार्थांना गट देते, १ म्हणजे कॅन्सर होतो हे पक्कं, २ए म्हणजे बहुधा होतो, २बी म्हणजे कदाचित होत असेल आणि ३ म्हणजे सांगता येत नाही. हा गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही, आणि निम्म्या बातम्यांचा घोळ इथेच होतो. मुंगीही चावते, सापही चावतो, दोन्ही पक्कं, म्हणून दोघांना सारखंच घाबरतो का आपण? २०१५ मध्ये प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, गट १ मध्ये गेलं, जिथे तंबाखू आधीच होती, आणि लगेच “सॉसेज सिगरेटइतकंच घातक” असल्या हेडलाइन. खरा आकडा असा की रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. आता हे १८ टक्के कशाचे हे विचारायचं, हा प्रश्न विचारायची सवयच लावून घ्या. समजा १०० लोकांत ५ जणांना आयुष्यात तो होणारच होता, तर सगळ्यांनी रोज खाल्ल्यावर ५ चे साधारण ६ होतील. सिगरेटमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका टक्क्यांनी नाही, पटींनी वाढतो, १५ पट, २० पट, कधी त्याहून जास्त.

दुसरं, प्रमाण बघायचं. २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम, म्हणजे डाएट कोलात साखरेऐवजी घालतात ते, २बी मध्ये गेलं तेव्हा केवढा गोंधळ झाला, पण रोजची ठरलेली मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम आहे, ती ओलांडायला ७० किलोच्या माणसाला दिवसाला ९ ते १४ कॅन डाएट कोला प्यावा लागेल.

आता घरात काय बदलायचं. तंबाखू आणि दारू पहिल्या नंबरावर, यात वाद नाही. दारूचं लोकांना पटत नाही, पण शरीरात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते थेट डीएनए बिघडवतं, तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं, स्तन, एवढ्या ठिकाणी संबंध पक्का आहे, आणि वाइन, बिअर, व्हिस्की असा भेद शरीर करत नाही. दोन्ही व्यसनं एकत्र असली की तोंडाघशाचा धोका नुसता बेरजेने नाही वाढत, गुणाकाराने वाढतो.

मग वजन. हे ऐकायला कंटाळवाणं आहे म्हणून कोणी फॉरवर्ड करत नाही, पण २०१६ पर्यंतचा पुरावा बघून आयएआरसीने जास्तीच्या वजनाचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी जोडला. चरबी नुसती पडून नसते, पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन तिथेच बनतं, इन्सुलिन वाढलेलं राहतं, बारीकशी सूज कायम असते. त्यामुळे “कुठला पदार्थ खाऊ” यापेक्षा “एकूण किती खातो” हा प्रश्न मोठा. सोबत फायबर वाढवायचं, आख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, याने आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.

आणि भाज्याफळांतले गुण गोळ्यांतून मिळवायच्या भानगडीत पडू नका. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, काहींना बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजराला केशरी रंग देणाऱ्या पदार्थाच्या, गोळ्या दिल्या, कारण भाज्याफळं खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो हे दिसलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेत असाच एक प्रयोग चालू होता, तिथेही उलटाच निकाल दिसायला लागला म्हणून १९९६ मध्ये तो मधेच थांबवला. गाजर ते गाजर, गोळी ती गोळी.

ज्याची चर्चा फार कमी होते पण व्हायला हवी ती म्हणजे बुरशी. शेंगदाणे, मका दमट जागी राहिले की त्यावर एक बुरशी येते, तिचं विष अफ्लाटॉक्सिन, यकृताच्या कॅन्सरचं पक्कं कारण, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला तर कितीतरी पट जास्त. भाजून किंवा शिजवून ते पूर्ण जात नाही. मी दाणे आणले की पांढऱ्या ताटात उजेडाखाली पसरतो, सुरकुतलेले, काळपट, हिरवट लव आलेले वेचून टाकतो, आणि खाताना एखादा कडू लागला तर गिळत नाही, थुंकतो. बरणी कोरडी हवी, ओला चमचा घालायचा नाही. वास येणारं पीठ “चाळून घेऊ, चालेल” असं करू नका, टाका.

चहाकॉफीचं गंमतशीर आहे, कॉफीवरचा संशय २०१६ मध्ये काढून टाकला आणि त्याच वेळी ६५ डिग्रीच्या वरचं कुठलंही पेय २ए मध्ये घातलं, अन्ननलिका भाजते म्हणून. मी एकदा कपात थर्मामीटर बुडवून बघितलं, ६५ च्या खाली यायला पाच मिनिटं तरी गेली, तेवढा धीर धरायचा. तळताना-भाजताना सोनेरी रंगावर थांबायचं, करपलेलं खरवडून टाकायचं. बटाटा, ब्रेड असं पिष्टमय काही जास्त तळलं-भाजलं की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं, त्याचा माणसांमधला पुरावा कमकुवत आहे, पण यात कष्ट काहीच नाहीत.

घरातल्या आणि आजूबाजूच्या केमिकल्सकडे वळलो तर सगळ्यात आधी हवा. कडकडीत तापलेल्या तेलाचा धूर, लाकूड-कोळशाचा धूर, यासाठी एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा. बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा आर्सेनिकसाठी लॅबमध्ये तपासा, मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, आणि हे लक्षात ठेवा की उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. जमिनीतून येणारा रेडॉन वायू दिसत नाही, वास नाही, पण फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत सिगरेटच्या खालोखाल त्याचं नाव येतं, तळघरात किंवा तळमजल्यावर राहत असाल तर टेस्ट किट लावून बघण्यासारखं आहे. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर स्वतः फोडू, घासू, झाडू नका, शाबूत पत्र्यापेक्षा उडणारी धूळ वाईट. केमिकलच्या किंवा धुळीच्या कामावर असाल तर कामाचे कपडे वेगळे धुवा.

फळभाज्यांवरच्या फवारणीची भीती वाटत असेल तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पण त्या भीतीने फळं खाणं सोडू नका, तो सौदा तोट्याचा आहे.

राहिले प्लॅस्टिकचे डबे. त्यात गरम काही ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तडे गेलेला डबा काढून टाका, बस. माणसांमध्ये त्यातून कॅन्सर होतो याचा पुरावा अजून कच्चाच आहे. मी स्वतः काचेचे वापरतो, पण खरं सांगायचं तर प्लॅस्टिकला लागलेला तेलाचा वास काही केल्या जात नाही म्हणून.