लायनफिश साफ करायचा तर

पेन्साकोलाला, म्हणजे फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर, ताजं पापलेट मिळणं कठीण. लायनफिश मात्र हवा तेवढा. नवरा पाण्याखाली जाऊन भाल्याने मारून आणतो, साफ मी करते. मासा मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला. अटलांटिकमध्ये पहिला दिसला १९८५ साली, फ्लोरिडाच्याच अटलांटिक किनाऱ्यावर, डानिया बीचजवळ; कुणीतरी घरच्या टाकीतून सोडला असावा असं मानतात. मादी वर्षाला वीसेक लाख अंडी घालते आणि इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. म्हणून पकडण्यावर संख्येची मर्यादाच नाही.

विष मांसात नसतं, काट्यांत असतं. ते मोजूनच कापा: पाठीवर १३, पोटाखाली दोन बाजूंना एकेक, आणि शेपटीअलीकडे खालून ३. छातीकडचे पंख्यासारखे पर नुसतेच भपकेबाज, निर्विष. मेलेल्या माशाचा काटाही तितकाच बाधतो, बर्फातला असला तरी.

जाड हातमोजे घाला, साधे रबरी नकोत. पक्कडीने जबडा धरा आणि दणकट कात्रीने एकेक काटा मुळापासून उडवा. पाठीवरचा शेवटचा काटा मऊ पराला चिकटून असतो, तोच हमखास राहून जातो. पोटाखालचे दुमडलेले असतात, पक्कडीने ओढून उघडा. कापलेले काटे जाड बाटलीत भरून झाकण लावा. कचरा उचलणाऱ्याचा हात आपल्यामुळे का सुजावा?

पोट चिरलंत की आत बघाच. अख्खी कोळंबी, बोटाएवढे मासे निघतात. इथल्या खडकांवरची पिल्लं कुठे जातात ते तिथेच कळतं.

काटा लागलाच तर बर्फ नको. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. उष्णतेने विष निकामी होतं. पाणी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. धाप लागली, चक्कर आली तर थेट इस्पितळ.

आणि हो, मालवणला स्कूबा करताना दिसला तर लांबूनच बघा. तो तिथलाच आहे, त्याला मारायचं कारण नाही.

आता तुकड्या. पातळ निघतात, म्हणून आगळ, हळद, मीठ, तिखट लावून पंधरा मिनिटंच मुरवा. रव्यात घोळवून दोन्हीकडून दोन-तीन मिनिटं तळा, जास्त नाही. डोकं टाकू नका. तिरफळं घालून त्याचं कालवण करा.