युरिया टाकलाय ना, मग रात्रीचा ऑटो बंद ठेवा

उन्हाळ कांद्याच्या लागणी उरकत आल्या, आता युरियाचे हप्ते चालू होतील, म्हणून आधीच सांगतो. खत टाकून रात्रीच्या लाईटवर मोटर ऑटोला, म्हणजे लाईट आली की आपोआप चालू होईल अशी, लावून झोपायचं, हे बंद करा. सकाळी वाफे तुडुंब आणि युरिया मुळांच्या खाली. कांद्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीत असतात, त्याखाली गेलेलं नत्र (युरियातला नायट्रोजन) त्याला परत घावत नाही, ते झिरपत विहिरीत जातं आणि तेच पाणी आपली पोरं पितात.

युरियाचं मातीत हळूहळू नायट्रेट होतं, ते मातीला चिकटत नाही, पाणी जाईल तिकडं जातं. मुरमाड रानात ते खाली निचरतं, निफाडकडच्या काळ्या रानात पाणी साचलं की मातीतली हवा कोंडते आणि नत्र वायू होऊन उडून जातं. दोन्हीकडं तोटाच. मग खालची पात पिवळी पडते, आपण दुकानात फोटो दाखवतो आणि तिथून टॉनिक, ह्युमिकच्या बाटल्या घेऊन येतो. दादांनो, बाटली घ्यायच्या आधी खत टाकल्यावर मोटर किती तास चालली ते आठवा.

शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे, अर्धं लागणीला, बाकीचं ३० आणि ४५ दिवसांनी. म्हणजे एका हप्त्याला एकरी अर्धी गोणी युरिया, बास. ६० दिवसांनंतर नत्र नकोच, कांदा साठवणीच्या चाळीत सडतो.

रान वापशावर आलं, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिली, की संध्याकाळी युरिया फेका आणि लगेच हलकं पाणी द्या, नुसता वर पडून राहिला तर उन्हात उडतो. पुढचं पाणी घड्याळ बघून नको, वीतभर खोलीची माती मुठीत दाबा, गोळा टिकला तर अजून दोन दिवस थांबा. हा माझा अंदाज आहे, पण काळ्या रानात सहसा चुकत नाही.

टोमॅटोला ड्रीप तासभर चालवणार असाल तर आधी २० मिनिटं साधं पाणी, मग २५ मिनिटं खत, शेवटी १५ मिनिटं साधं पाणी आणि बंद. खत सोडून पुढं चार तास ड्रीप चालू ठेवलं तर ते खत गेलंच समजा.

बाकीची कामं:
- खुरपणी
- फिल्टर धुणे, नळ्या फ्लश करणे
- फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे

आभाळ आलंय, अवकाळीचा अंदाज आहे, तर खताची गोणी फोडूच नका. पालखेड धरणाच्या कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) सुटणार असेल तरी तेच, आधी रान भिजू द्या, वापसा येऊ द्या, मग युरिया.