दोनशे डॉलरचं पिस्तूल घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या गन शॉपमध्ये एकाच काचेखाली साडेपाचशे डॉलरच्या आसपासचं ग्लॉक १९ असतं आणि दोनशेच्या आतबाहेर मिळणारं हाय-पॉइंट सी९ही असतं. काडतूस दोन्हींत तेच, ९ एमएम. मग जास्तीचे पैसे कशाला मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. घरात ठेवण्यापुरतं हवं असेल तर स्वस्तातलं पिस्तूल घ्यायला माझी हरकत नाही. अट एकच, वाचलेले पैसे सरावावर घालवायचे.

व्हिसा न बघता दुकानात शिरणं

आपल्या मंडळींची ही पहिली चूक. एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणं सोडाच, बाळगणंही गुन्हा आहे. हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरायला जाऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येतं, राज्याचे नियम वेगळे. आणि ‘तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे ना, मग माझ्यासाठी तू घे’ हा व्यवहार तर मुळीच नको. दुकानात भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर खरा खरेदीदार कोण हे लिहून द्यावं लागतं. तिथे खोटं लिहिलं तर दोघंही अडकतात.

फक्त पिस्तुलाची किंमत धरणं

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसं हे प्रकरण आहे. हात बसायला हजारेक काडतुसं तरी उडवावी लागतात आणि तेवढ्यात पिस्तुलाहून जास्त पैसे जातात. रेंजची फी, कानावरचे मफ, चष्मा वेगळे. दुकानदार पिस्तुलासोबत कुलूप देतो, पण घरात मुलं असतील तर पटकन उघडणारी छोटी तिजोरी घ्याच.

अडकलं की लगेच पिस्तुलाला शिव्या घालणं

सी९ची रचना साधी आहे. बॅरल (नळी) आणि स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) एकमेकांना लॉक होत नाहीत. गोळी सुटताना स्लाइडला आवरतं ते तिचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून जस्ताच्या मिश्रधातूची ती स्लाइड एवढी जाडजूड. गोळ्या आठच, तरी रिकामं पिस्तूल ८०० ग्रॅमच्या वर भरतं. कमरेला लावून दिवसभर फिरायला हे मुळीच घेऊ नका.

नवख्यांची तक्रार ठरलेली असते. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या फटीत धुराड्यासारखी उभी राहते. बरेचदा दोष मनगटाचा असतो. पकड ढिली असली की सगळं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण पल्ला मिळत नाही. आधी मनगट ताठ धरून बघा. तरीही अडकत असेल तर मॅगझिनवर, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीवर, मार्करने १, २ असे आकडे टाका. दर वेळी एकच मॅगझिन गोत्यात आणत असेल तर त्याच्या वरच्या दोन पात्या वाकलेल्या असणार. पक्कड घेऊन त्या सरळ करत बसू नका, मॅगझिन बदला. पहिली दोनेकशे काडतुसं साधी, गोल नाकाची वापरा. त्यानंतर घरात ठेवणार ती हॉलो पॉइंट (नाकाला खळगा असलेली) काडतुसं एक डबाभर उडवून बघा, कारण साधी सुरळीत चालली म्हणून हीही चालतील असं नसतं.

साफसफाईसाठी सी९ खोलताना पंच (पिन ठोकायचा दांडा) आणि हातोडीने पिन ठोकून काढावी लागते. या कटकटीपायी लोक ते साफच करत नाहीत, किंवा वरून तेल ओततात. त्या तेलात काजळी धरते आणि पुन्हा अडकायला लागतं.

बार नेहमीसारखा न होता नुसतं ‘फुस्स’ झालं तर पुढचा चाप ओढू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तोंड टार्गेटकडेच ठेवून पिस्तूल रिकामं करा आणि नळी तपासून घ्या.

स्वस्त ते सगळं एकाच माळेत

अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक कायद्याने छोट्या स्वस्त पिस्तुलांच्या आयातीला चाप बसला. मग १९७०पासून दक्षिण कॅलिफोर्नियात रेव्हनसारखी .२५ची जस्ती पिस्तुलं निघू लागली. पुढे त्याच पट्ट्यात लॉर्सिन, ब्रायको या कंपन्यांची तशीच पिस्तुलं आली. ती आता जुन्या बाजारात फुकटात मिळाली तरी घेऊ नका. हाय-पॉइंट ओहायोचं, दिसायला ओबडधोबड, पण कंपनी आजन्म दुरुस्ती करून देते, दुसऱ्या मालकालाही. टॉरस कंपनीचं जी३सी थोडं महाग, पण हलकं आणि हाताला बरं. मात्र टॉरसचं जुनं मॉडेल घेताना जपून. पडल्यावर गोळी सुटते या तक्रारीवरून २०१५मध्ये कंपनीने सुमारे १० लाख पिस्तुलांबाबत तडजोड केली होती. सीरियल नंबर कंपनीकडे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

तीनेकशे डॉलरपर्यंत हात जात असेल तर मी नव्या स्वस्त पिस्तुलाऐवजी पोलिस ट्रेड-इन बघेन. खात्याने बदलून टाकलेली ही पिस्तुलं होल्स्टरमध्ये घासून रंग उडालेली असतात, पण बऱ्याचदा गोळ्या फारशा झाडलेल्या नसतात. नेम धरायची, अंधारात चमकणारी साइट बहुधा विझलेली असेल, कारण तिला चमक देणारं ट्रिशियम बारा वर्षांत निम्मं होतं. नळीत उजेड टाकून बघा, आणि घरी आणल्यावर मॅगझिनच्या स्प्रिंगा तेवढ्या नव्या टाका.