तंतुवाद्याच्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेची तयारी कशी करावी

चवथीचे दिवस सरले की गोव्यात शालेय व महाविद्यालयीन संगीत स्पर्धांचे आणि युवा महोत्सवांचे वारे वाहू लागतात. सतार किंवा व्हायोलिन शिकणारी मुले महिना-दोन महिने गत (तालात बांधलेली वाद्यरचना) आणि ताना (जलद स्वरांच्या माला) घोटतात, पण वाद्याकडे मात्र बहुधा आदल्या रात्री पाहतात. माझ्या मते तयारीची सुरुवात वाद्यापासून व्हावी, कारण सुरात नसलेल्या तारेवर वाजवलेली उत्तम तानही परीक्षकाच्या कानाला खुपते, आणि तंतुवाद्याची बरीचशी स्पर्धा पहिल्याच मिनिटात ठरून जाते.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी तारांना लवकर गंज चढतो. गंजलेल्या तारेवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, घेताना बोट अडखळते आणि स्वर अर्ध्यावरच राहतो. म्हणून रियाजानंतर प्रत्येक वेळी कोरड्या सुती फडक्याने तार पुसावी. स्पर्धेसाठी नव्या तारा चढवायच्या असतील तर त्या आठ-दहा दिवस आधी चढवाव्यात, कारण नवी तार काही दिवस ताणत राहते आणि सूर सोडते. व्हायोलिनच्या खुंट्या पावसाळ्यात फुगून घट्ट बसतात, तर वातानुकूलित सभागृहाच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या सैल पडून घसरू लागतात. खुंटीला थोडा खडू लावल्यास पकड सुधारते. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करावेत. काणकोण किंवा सत्तरीहून पणजीला गाडीने येणाऱ्यांनी वाद्य उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत क्षणभरही ठेवू नये, कारण उष्णतेने सांध्यांचा सरस मऊ होतो आणि घोडी (तारा टेकतात ती पट्टी), मानेचा जोड किंवा तबली (वरची लाकडी फळी) यांना कायमची इजा पोहोचू शकते.

राग निवडण्यापूर्वी नियमावली नीट वाचावी आणि वेळेची मर्यादा, साथीदारांची संख्या, साथ आयोजक देणार की आपण न्यायची, या तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. स्पर्धा बहुतेक दिवसा होतात, तरीही अनेक विद्यार्थी संध्याकाळचा यमनच घेऊन येतात. सकाळच्या सत्रासाठी तोडी किंवा जौनपुरी, दुपारी वृंदावनी सारंग, तीन वाजल्यानंतर भीमपलास किंवा पटदीप तयार असल्यास परीक्षकांनाही समाधान वाटते. सतारवादकाने आणखी एक विचार करावा: राग बदलला की तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या, तारा नव्या स्वरांत लावाव्या लागतात. यमनवरून भीमपलासला यायचे तर गंधार, मध्यम आणि निषाद असे तीन स्वर बदलतात, आणि हे काम विंगेत उभे राहून पाच मिनिटांत होत नाही. म्हणून स्पर्धेचा राग ठरला की तरफ शेवटचे काही दिवस त्याच रागात लावून ठेवावी.

वेळेचा हिशोब कागदावर मांडावा. समजा बारा मिनिटे मिळाली. आलापाला तीन, मसीतखानी (संथ लयीच्या) गतीला चार, द्रुत (जलद) गत आणि झाल्याला (शेवटच्या वेगवान भागाला) मिळून चार, आणि एक मिनिट हाताशी राखून ठेवावे. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाचे एक आवर्तन (पूर्ण फेरी) सोळा सेकंदांचे होते, म्हणजे चार मिनिटांत पंधराच आवर्तने बसतात. त्यातील चार-पाच गत मांडण्यातच जातात. उरलेल्या दहांत दोन-दोन आवर्तनांचे तीन तोडे (गतीतील ताना), प्रत्येकानंतर गतीवर परत येणे, एवढेच नीट बसते. हे एकदा दिसले की वहीतले वीस तोडे पाठ करण्याचा अट्टहास सुटतो आणि बाराव्या मात्रेपासून उठणारा मुखडा (गतीचा सुरुवातीचा तुकडा) दर वेळी नेमका समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) आणण्याकडे लक्ष लागते. गायकी अंगाने (गाण्याच्या धर्तीवर) व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी अशा स्पर्धेत अतिविलंबित (फार संथ) एकताल टाळावा, कारण तेथे एकेक आवर्तनच पाऊण मिनिटाहून अधिक वेळ घेते. मध्यलयीतील बंदिश अधिक न्याय देते.

तबलजींशी निदान एक बैठक व्हावी. ती जमली नाही तर आपली पट्टी (सा कोणत्या उंचीवर लावला ते) आधी कळवावी, उदाहरणार्थ सतार काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) असेल तर तबलाही त्याच सुराचा हवा. मंचावर लय शब्दांत समजावण्यापेक्षा मुखडा एकदा स्वच्छ वाजवावा. अनुभवी साथीदाराला तेवढे पुरते.

नाव पुकारले जाण्याच्या अर्धा तास आधी वाद्य सभागृहाच्याच हवेत आणून ठेवावे. थंडाव्यात पोलादी तारा आकसतात आणि सूर किंचित चढतो, त्यामुळे बाहेर व्हरांड्यात जुळवलेले वाद्य आत येताच बिघडते. मंचावर बसल्यावर तानपुऱ्यासोबत सा आणि पंचम शांतपणे तपासावेत. सतारीत बारीक फरक तारेत ओवलेला मणका सरकवून काढावा, खुंटीला हात शेवटी घालावा. या कामात अर्धा मिनिट गेले तरी बिचकू नये, परीक्षक तेही ऐकत असतात आणि त्यातून विद्यार्थ्याचा कान त्यांना कळतो. जादा मिजराब (बोटात घालायची तारेची नखी), बाजाच्या (मुख्य) दोन तारा आणि गजासाठी राळ एका डबीत जवळ असावी. वाजवताना तार तुटली तर हात थांबवून परीक्षकांकडे पाहावे आणि परवानगी घेऊन ती बदलावी.

आपले वादन झाले की घरी पळू नये. त्याच गटातील इतरांचे वादन वही घेऊन ऐकावे आणि कोणी कोणता राग किती वेळात कसा मांडला, याची नोंद करावी. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाने पणजीच्या कला अकादमीत होणाऱ्या समारोहात मोठे वादक ऐकताना, पहिल्या सुरापूर्वी ते वाद्य किती वेळ आणि कोणत्या क्रमाने लावतात, हेही पुढे बसून मुद्दाम पाहावे. निकाल लागल्यावर परीक्षक मोकळे असतील तर नम्रपणे विचारावे, पण “माझा नंबर का गेला” असे नव्हे, “सर, माझा कोमल गंधार कुठे उतरत होता?” असा नेमका प्रश्न विचारावा, आणि मिळालेले उत्तर गुरुजींना त्याच आठवड्यात वाद्यावर वाजवून दाखवावे.